वजनकाट्याचे चार कॅमेरे

"पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी कोणापाशी हाय?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. मी प्रफुलचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. प्रफुलला कामावरून कमी करण्याचं पत्र होतं, फक्त साहेबांची सही बाकी होती.

राजूरकडचं हे कोळसा वाहतुकीचं ऑफिस. दारात वजनकाटा, काट्यावर चार कॅमेरे. दसऱ्यापासून चारही कॅमेरे बंद, आणि तेवढ्यात किती ट्रक भरून गेले ते कोणालाच दिसलं नव्हतं. कोळशाच्या गावात कॅमेरा आपोआप बंद पडतो यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नाही. इथल्या नेटवर्कचं काम माझ्याकडं; यवतमाळहून एसटीनं येतानाच माझ्या डोक्यात चोर शिरला होता.

प्रफुल हा काट्यावरचा कंत्राटी ऑपरेटर. दसऱ्याला दोन दिवस सुट्टी घेऊन घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. "नेमका तेव्हाच गेला," साहेब म्हणाले. दरवर्षीच जातो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी स्विचची खोली उघडली. स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-कॅमेऱ्यांच्या वायरी जिथं जोडतात तो चपटा डबा. कुठल्या वायरीनं काय करायचं, ही यादी त्याच्या पोटात असते. तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. डब्यावर हळदकुंकवाची बोटं होती, कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी. आमच्याकडं दसऱ्याला कोणत्या यंत्राला कुंकू लागत नाही? मी लॅपटॉप जोडला.

फाइल उघडून पाहिली. ही जुनी फाइल होती. महिन्यापूर्वी मी स्वतः नवी फाइल लॅपटॉपवरून स्विचमध्ये चढवली होती, कॅमेऱ्यांची सोय त्या नव्या फाइलमध्ये होती. म्हणजे कोणीतरी पासवर्ड टाकून जुनी परत चढवली. स्विचचा तो पासवर्ड मी प्रफुलच्या डायरीत माझ्या हातानं लिहून दिला होता.

त्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, नजर खाली. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं.

"डायरी कोणाला दाखवली?"

"कोणालेच नाही सर. मी तं नागपूरले होतो. माह्यावर काहून येऊन राह्यलं हे सगळं?"

मी लॅपटॉपकडं वळलो. पुराव्यासाठी स्विच शेवटचा चालू कधी झाला ते पाहिलं. तीन दिवस, पाच तासांपूर्वी. उलटं मोजलं तर दसऱ्याची सकाळ, साडेदहा. खोलीला यूपीएस आहे, लाइट गेली तरी स्विच बंद पडत नाही. कोणीतरी बटण दाबूनच बंद केला होता. प्रफुल तेव्हा नागपुरात होता.

साहेबांच्या टेबलापाशी जाऊन मी शिपाई मोरेश्वरभाऊंना विचारलं. ते साहेबांकडं पाहून बोलले, "पूजा होती ना जी. सायबच म्हणाले, पानी शिंपडाचं हाय, आधी बटन बंद कर. मंग दहा मिनिटानं चालू केलं."

साहेबांनी पत्र हळूच उचलून फायलीखाली घातलं. पण नुसतं बटण बंद केल्यानं नवी फाइल जात नाही. जाते ती एकाच कारणानं, आणि ते कारण मला त्या क्षणी लख्ख आठवलं. चढवलेली फाइल आधी पाटीवर लिहिल्यासारखी असते. ती वहीत उतरवायला 'सेव्ह'ची एक ओळ टाकावी लागते. वीज गेली की पाटी पुसली जाते आणि स्विच वहीतलं जुनं वाचतो. महिन्यापूर्वी फाइल चढवली त्या दिवशी चारही कॅमेरे दिसायला लागले, वणीची शेवटची एसटी सुटायला आली होती, आणि मी लॅपटॉप मिटून पळालो होतो.

खरं सांगतो, मला मोह झाला. गुपचूप फाइल चढवून सेव्ह केली असती तर कोणाला कळलंही नसतं, सगळं पूजेवर ढकलता आलं असतं. पण पत्र फायलीखालीच होतं, फाटलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. मी सेव्ह केलं नव्हतं."  साहेबांनी पत्र काढून फाडलं. प्रफुलला मात्र एक शब्द बोलले नाहीत.

फाइल चढवली, सेव्ह केली, कॅमेरे आले. तेव्हापासून निघण्याआधी मी स्विच स्वतः एकदा बंद करून चालू करतो, एसटी गेली तरी चालेल.

प्रफुल मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी माफी मागितली. त्यानं खिशातून डायरी काढली, पासवर्डचं पान फाडून माझ्या हातात दिलं.

"नवा पासवर्ड टाका सर," तो म्हणाला, "आन् मले सांगू नका."