उकळीची रेघ

एका माणसाला मी भरसभेत हसलो. चूक माझी होती, आणि तो बरोबर होता.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवत होतो. ताऱ्यांवरच्या माझ्या रविवारच्या व्याख्यानांना सूत रंगवणारा एक कामगार सोबत्यांना घेऊन यायचा. कोपरापर्यंत निळे झालेले हात तो टॉवेलाखाली झाकून बसायचा.

त्या दिवशी मी फळ्यावर ताऱ्याच्या पोटात रेघ ओढली. "आतली उकळी इथं संपते. पलीकडचं काही तिच्यात मिसळत नाही."

तो उठला. बोलता बोलता एक निळा हात टॉवेलाबाहेर येऊन खालून वर गेला. "खालनं जोरात आलेलं पाणी रेघ बघून थांबत न्हाय की, सर. थोडं पुढं जातंच, अन् तिथलं घेऊन माघारी येतं."

"अहो, हा तारा आहे, तुमची रंगाची कढई नव्हे!"

सगळे हसले, त्याचे सोबती तर जास्तच. त्यानं हात झाकला आणि परत कधी आला नाही.

पुढं एका नियतकालिकात मी तेच वाचलं, की उकळी आपली हद्द ओलांडते. नाव ठाऊक नसताना, ताऱ्यांच्या व्याख्यानांना येणारा कामगार कोण असं विचारत मी त्याचा रंगखाना शोधत गेलो.

"तारेवाले व्हय? ते काय, कढईपाशी!" एकानं टिंगलीत दाखवलं.

मला पाहताच त्यानं ढवळायची काठी सोडून हातांवर टॉवेल ओढला.

"हात झाकू नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुमचं बरोबर होतं. मी चुकलो. मला माफ करा."