या गाण्यातला बाप्पा

नत्थुजी गावंड्यांना नवी तबकडी ऐकवायची म्हणजे आधी दुकानातला पंखा बंद करावा लागे, मग बाकावरच्या माणसांच्या गप्पा बंद कराव्या लागत आणि शेवटी त्यांचं तोंड सुटेल ते सहन करण्याची तयारी ठेवावी लागे. अकोल्यात चिंतामणरावांच्या दुकानी मुंबईहून तबकड्यांची पेटी आली, की पहिला निरोप नत्थुजींना जाई. ते काही गवई नव्हते. लग्नात, जत्रेत, प्रचाराच्या सभेत भोंगा लावून गाणी वाजवणं हा त्यांचा धंदा. पण मूर्तिजापूरपासून बाळापूरपर्यंतच्या मांडवांत पंधरा वर्षं त्यांनी लोकांची तोंडं पाहिली होती. कोणत्या गाण्याला बायका जात्यावरचा हात थांबवतात आणि कोणत्या गाण्याला पंगत पान सोडून उठायला बघते, हे त्यांना चिंतामणरावांच्या वहीपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

त्यांना गाणं आवडणं ही दुर्मीळ गोष्ट होती. मुंबईच्या एका गोड गळ्याच्या बाईची तबकडी ऐकून ते म्हणाले होते, की गुळाच्या पाकात माशी पडली, फडफडून राहिली पण उडत नाही. एका मोठ्या वाद्यवृंदाच्या गाण्यावर त्यांचा सवाल होता, "वाजंत्री गंज झाली, खंडीभर झाली, नवरदेव कुठी हाये?" आणि एका बुवांचं भजन त्यांनी अर्ध्यातच थांबवून विचारलं होतं, की हा देवाला बोलवतोय की हाकलतोय. बाकावरचे लोक हसत. नत्थुजी हसत नसत. वाईट गाणं ऐकलं की त्यांना खरोखर राग येई, कोणी अंगणात खरकटं पाणी फेकावं तसा. चांगलं असलं तर ते काहीच बोलत नसत. सुई उचलून पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवत, एवढंच. चिंतामणराव तेवढ्यावरून मागणी पाठवत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

म्हणूनच १९६१ च्या उन्हाळ्यात अमरावतीचा हरिहर त्यांच्याकडे आला. हरिहर हा बापूसाहेब वकिलांचा धाकटा मुलगा. वकिली त्याला नको होती. आपली स्वतःची छोटीशी तबकडी-कंपनी काढायची, मोठ्या कंपन्यांना ज्यांची नावंही माहीत नाहीत अशी वऱ्हाडातली माणसं गाववायची, असं त्याच्या डोक्यात होतं. फितीवर मुद्रण करायचं यंत्र त्यानं मिळवलं होतं, आणि कलकत्त्याचा कारखाना तबकड्या दाबून द्यायला तयार झाला होता. पोरगा बोलायचा छान. वऱ्हाडी गाणं वऱ्हाडी माणसाच्या तोंडून जसंच्या तसं निघालं पाहिजे, असं तो म्हणाला तेव्हा नत्थुजींनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वकिलाच्या मुलाला स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

"कोण गातं तुमच्याकडे चांगलं?" एवढंच त्यानं विचारलं होतं.

नत्थुजींनी आपल्या बहिणीचं नाव सांगितलं.

मनकर्णा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर ती माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या गावी परत आली होती आणि तिथंच नत्थुजींच्या वावरात राबत होती. हळदीला, पाठवणीला तिला बोलवल्याशिवाय पंचक्रोशीतलं लग्न होत नसे. पाठवणीचं तिचं एक गाणं होतं, मला इतक्या दूर का दिलंस असं विचारणारं; ते तिनं सुरू केलं की नवरीच्या आधी नवरीचा बाप डोळे पुसू लागे. इतर बायका तीच चाल लावत, पण ते तिचं तिलाच जमे.

मनकर्णा आधी नाहीच म्हणाली. मग बरेच दिवस विचार करून तिनं एक अट घातली. मी जसं म्हणते तसंच निघालं पाहिजे, शब्द इकडचा तिकडं नको. नत्थुजींनी भावाच्या हक्कानं शब्द दिला. हरिहरनंही मान डोलावली.

अमरावतीला एका शाळेच्या हॉलमध्ये दारं-खिडक्यांना घोंगड्या लावून मुद्रण झालं. मनकर्णा नवं लुगडं नेसून, डोळे मिटून उभी राहिली आणि एका दमात म्हणून मोकळी झाली:

बाप्पा, मले कावून देल्लं इतक्या दूर,
माह्या मायच्या चुलीचा दिसत नाही धूर.
पानी शेंदता शेंदता गेली नखं झिजून,
बाप्पा, एक डाव पाह्य ना येऊन.

हरिहरनं सोबतीला पेटी आणि झांज घेतली होती. पाठवणीच्या गाण्याला झांज कशाला, हे नत्थुजींच्या मनात आलं. पण यंत्र सुरू होतं, मध्येच कसं बोलायचं, म्हणून ते गप्प बसले. तसं गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढे त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

श्रावण सरता सरता तबकड्या अकोल्याला आल्या. चिंतामणरावांनी पंखा बंद केला. नत्थुजींनी तबकडी हातात घेतली, तिच्या मधोमध चिकटवलेला तांबडा कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. वर लहान गणपती काढलेला होता. खाली छापलं होतं: 'श्रीगणेश-भक्तिगीत. बाप्पा, ऐक विनवणी. कु. मनकर्णा.'

त्यांना आधी वाटलं, तबकडी चुकीची आली. चिंतामणरावांनी लावली. झांज वाजली, पेटी वाजली आणि मनकर्णेचा आवाज आला. तबकडी तिचीच होती.

झालं होतं ते असं. आपल्या वऱ्हाडात बाप्पा म्हणजे काही एकटा गणपती नव्हे. भाजीवालीला आपण म्हणतो, नीट माप ना बाप्पा. पोराला म्हणतो, जेव बाप्पा. बाप, भाऊ, शेजारी, जो समोर असेल तो बाप्पा. कंपनीचे कागद मुंबईचा कोणी माणूस लिहून देत होता. त्यानं फीत ऐकली, बाप्पा ऐकलं, झांज ऐकली आणि गणपती काढून मोकळा झाला. पन्नाशीला टेकलेल्या विधवेला त्यानं कुमारीही करून टाकलं होतं.

हरिहर दुकानातच होता. नत्थुजींचं मत ऐकायलाच तो आला होता, कारण त्यांनी सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली तर वऱ्हाडभर माल उचलला जाईल, हे त्याला माहीत होतं. नत्थुजींनी त्याला विचारलं, हा कागद छापायच्या आधी तू पाहिला होता का? त्यांना वाटलं होतं, पोरगा नाही म्हणेल, आणि मग आपण मुंबईच्या त्या माणसाला मनसोक्त शिव्या घालू.

"पाहिला होता," हरिहर म्हणाला. "नत्थुजी, पाठवणीचं गाणं लग्नसराईत दोन महिने चालेल. गणपतीचं दरवर्षी चालेल. बाईंचा आवाज तर तोच आहे ना?"

"आवाज तिचा हाये. भांडन कोनाशी हाये?"

"भांडण?"

"इतक्या दूर कावून देल्लं म्हनते ते. गनपतीनं देल्लं तिले? तिची सोयरीक गनपतीनं जमवली होती?"

हरिहरनं समजुतीच्या सुरात सांगितलं, की भक्त देवाशी असंच भांडतो, ते संतवाणीतही आहे. चिंतामणरावही म्हणाले, की अर्थ लावला तर लागतो, नत्थुजी. विहिरीचं पाणी म्हणजे संसार, मायची चूल म्हणजे परमार्थ. चिंतामणराव शिकलेला, सज्जन माणूस. त्यांना कशाचाही अर्थ लावता येई. नत्थुजी त्यांच्याकडे असे बघत राहिले, की त्यांनी उगाच हिशेबाची वही उघडली.

"नखं झिजले तिचे," नत्थुजी एवढंच म्हणाले. "परमार्थानं नाही."

एक तबकडी त्यांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी चावीचा फोनो काखेत मारून ते गावी गेले. बहिणीला काय सांगायचं, ते त्यांनी गाडीत दहा वेळा घोळवलं होतं. सगळा दोष हरिहरचा आणि मुंबईकराचा होता. आपला शब्द त्या दोघांनी खोटा पाडला होता. त्यांच्या रागात एक प्रकारचं सुखही होतं. पूर्णपणे दुसऱ्यावर काढता येणारा राग माणसाला कधीमधीच मिळतो.

मनकर्णा ओसरीत ज्वारी पाखडत होती. त्यांनी कागद वाचून दाखवला, मग चावी भरून तबकडी लावली. स्वतःचा आवाज फोनोतून येताना ऐकून तिला नवल वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तिचं सूप हलत राहिलं. गाणं संपलं तेव्हा नत्थुजींनी हरिहरला, त्याच्या बापाला आणि मुंबईला एकदमच शिव्या द्यायला सुरुवात केली.

"बस झालं," मनकर्णा म्हणाली. "त्या पोट्ट्याले कावून बोलून राहिला? त्याले काय मालूम मी कोनाले म्हनते ते. तुले मालूम हाये का?"

नत्थुजी म्हणाले, पाठवणीचं गाणं आहे, पोरगी बापाला म्हणते.

"आपला बाप माह्या लग्नाच्या दोन वर्सं आधी मेला."

तिनं सूप खाली ठेवलं. पुढचं तिनं आवाज न चढवता सांगितलं. सोयरीक नत्थुजींनी जमवली होती. दारव्ह्याच्याही पुढचं गाव, घरात सासू, विहीर अर्ध्या कोसावर, आणि ती तेरा वर्षांची. सहा वर्षं तिथं होती. दर पोळ्याला, दर अखजीच्या सणाला ती वाटेकडे बघायची. ते गाणं तिनं त्या विहिरीवर जुळवलं होतं, एकेक ओळ, दोर ओढता ओढता.

"गाडी तर आपल्याच टेसनावरून जाये, दादा," ती म्हणाली. "मूर्तिजापुरात बसलं की तथीच उतराचं. एक डाव नाही आला तू. आन् तीस वर्सं तुह्यासमोर म्हनून राहिली मी हे. पंधरा वर्सं तं मांडवात भोंगेही तूच बांधून राहिला. गान्यातलं तुले समदं समजते म्हनतात लोक."

नत्थुजींना राग आला. तिच्यावर आला, कारण ती खरं बोलत होती. वावर होतं, आईचं आजारपण होतं, त्या काळी कोण कुठे जात होतं, असं ते बरंच काही बोलले. ते बोलून बोलून थांबले, तेव्हा ती म्हणाली, "गनपतीच्या गळ्यात कावून बांधता? त्यानं काय केलं माहं?" आणि पुन्हा पाखडायला बसली.

अकोल्याच्या एका मंडळाच्या गणपतीला भोंगा नत्थुजींचाच होता. हरिहरनं तबकडी तिथं वाजवायची ठरवली होती. मंडळाच्या मांडवात एकदा वाजली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळांना हवी असते. नत्थुजी नाही म्हणतील या धाकानं त्यानं दुसऱ्या भोंगेवाल्याशीही बोलून ठेवलं होतं. पण नत्थुजी हो म्हणाले. ते इतक्या सहज हो म्हणाले, की चिंतामणरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली. प्रसाद वाटणं चालू होतं. पुढच्या खुर्च्यांवर मंडळाचे पदाधिकारी, हरिहर आणि त्याच्या शेजारी त्याचे वडील बापूसाहेब. खास अमरावतीहून आले होते. कार्यवाहांनी घोषणा केली, की आता आपल्या वऱ्हाडात तयार झालेलं पहिलं गणेशगीत आपण ऐकू. मग त्यांनी नत्थुजींना खूण केली.

नत्थुजींनी सुई ठेवली नाही. उठून ते माइकपाशी गेले. हजारो माणसांना त्यांनी आजवर दुसऱ्यांचे आवाज ऐकवले होते. स्वतःचा आवाज भोंग्यातून येताच ते क्षणभर दचकले, नि त्या दचकण्याचाही त्यांना राग आला.

"कागदावर खोटं छापलं हाये," ते म्हणाले. "हे गनपतीचं गानं नोहे. हे माह्या बहिनीचं भांडन हाये. मनकर्णा तिचं नाव. अन् यातला बाप्पा..."

कार्यवाह उठून उभे राहिले होते. हरिहर हातानं नको नको करत होता. नत्थुजींनी माइकची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"यातला बाप्पा मी हावो. तेरा वर्साच्या पोरीले धाडलं अन् सहा वर्सं पाह्याले गेलो नाही. आता ऐका."

त्यांनी जाऊन सुई ठेवली. मध्येच कोणीतरी बंद करा म्हणालं. नत्थुजींनी त्या दिशेला नुसतं पाहिलं. तीन मिनिटं झांज वाजत राहिली, आणि झांजेखालून ते गाणं आलं. बायकांच्या बाजूला प्रसादाचं ताट फिरायचं थांबलं होतं.

संपल्यावर हरिहर पांढराफटक होऊन त्यांच्याजवळ आला. माझी कंपनी तुम्ही जन्मताच मारली, असं तो म्हणाला, आणि ते जवळजवळ खरंच होतं. मंडळांनी ती तबकडी घेतली नाही. लग्नघरांनी मागितली, तर त्यांना गणपतीच्या चित्राचा कागद नको होता. नवा कागद छापायला हरिहर तयार झाला नाही, वर्षभरात त्यानं काळा कोट चढवला. नत्थुजींना पुढच्या वर्षी एकाही मंडळानं बोलवलं नाही. देवाच्या मांडवात घरचं उणंदुणं काढणारा माणूस, असं त्यांचं नाव झालं. चिंतामणराव मात्र निरोप धाडत राहिले, आणि नत्थुजी जाऊन पूर्वीइतक्याच शिव्या देत राहिले.

त्या संध्याकाळची हकिगत मनकर्णेला चार दिवसांनी कळली. शेजारची पार्बताबाई लेकीकडे अकोल्याला गेली होती, तिनं येऊन अथपासून इतिपर्यंत सांगितली. भावानं कसं सगळ्यांदेखत कबूल केलं, कसा मांडव सुन्न झाला, लेकीच्या सासूनं कसा डोळ्याला पदर लावला. आता तरी मनकर्णेनं भावाशी गोड व्हावं, अशी तिची इच्छा दिसत होती.

मनकर्णा तण निंदायला निघाली होती. तिनं विळा कमरेला खोचला.

"अकोल्याले सांगतलं त्यानं," ती म्हणाली. "मले नाही अजून."

आणि ती वावराकडे चालू लागली.