वातीच्या स्टोव्हवरची दुसरी ओळ

गेला पंधरवडा आमच्या घरात एकच विषय चालू होता, भाचीच्या हॉस्टेलच्या खोलीत कुठली उपकरणं द्यायची. धाकट्या भावाची मुलगी पुण्याला शिकायला निघाली आहे. केटल घ्यायची की इंडक्शन, टोस्टर चालतो की नाही, अंडी उकडायचं ते यंत्र कशाला... भाऊ, वहिनी, भाची, तिघंही मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेले. शेवटी भाची माझ्याकडे वळली. "आत्या, तू पण हॉस्टेलला होतीस ना? तू काय नेलं होतंस?"

"स्टोव्ह," मी म्हटलं, आणि विषय परत केटलवर नेला. तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

आधीच सांगते, मी आयुष्यभर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. अंगात येणं, दृष्ट लागणं, मांजर आडवं जाणं... सगळ्याची यथेच्छ टिंगल केली. चौकात कुणी उताऱ्याचा नारळ ठेवला तर तो उचलून आणून चटणी वाटणारी बाई मी. तेव्हा ज्यांना हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा जून. मी नातेपुत्याची. अकरावी पास झाले आणि सोलापूरला सायन्सला जायचा हट्ट धरला. आमच्या घरातून बाहेरगावी शिकायला निघालेली पहिली मुलगी मीच. आईचा विरोध होता, पण वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते कसेबसे तयार झाले होते.

दादांचं नातेपुत्याच्या पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलींबरोबर ते स्टोव्हही दुरुस्त करायचे. पंपाचं वायसर बदलणं, पिन घालून भोक मोकळं करणं, टाकीची गळती बघणं. गंमत म्हणजे साऱ्या गावाचे स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या घरी स्टोव्ह नव्हता. आई चुलीवर रांधायची. लोहाराच्या घरी विळा नसायचाच, असं म्हणून मी कधी त्याचा विचार केला नाही.

सोलापूरच्या वसतिगृहात खानावळ नव्हती. प्रत्येकीने आपल्या खोलीत आपलं करून खायचं. रेक्टरबाईंनी आम्हाला सकाळीच बजावलं, "विजेची शेगडी चालणार नाही, फ्यूज जातो. पाच वाजेपर्यंत स्टोव्ह, भांडी घेऊन या आणि किल्ली घ्या. नाही आलात तर खोली दुसरीला देईन, दोघी वाट बघत आहेत." झालं, दादा आणि मी भर दुपारी मधल्या मारुतीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात जाऊन बसलो.

भांडी चटकन ठरली. एक पातेली, एक ताट, एक तांब्या. तेव्हा भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचंच, आणि वसतिगृहात तर हवंच. दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून एक म्हातारे चाचा छिन्नी-हातोडी घेऊन बसले होते. दादांनी एका चिठ्ठीवर आपल्या रेखीव अक्षरात लिहिलं, 'कु. नलिनी ज्ञानोबा, नातेपुते'. चिठ्ठी आणि तीन भांडी चाचांच्या पुढ्यात ठेवली. चाचांचं टकटक, टकटक सुरू झालं.

मग स्टोव्ह. दुकानदार अण्णा अक्कलकोटकडचे, मोठे बोलके. त्यांनी दोन पितळी स्टोव्ह पुढे ठेवले. एक पंपाचा, एक वातीचा.

"ह्यो बघा की हो मालक," अण्णा पंपाच्या स्टोव्हवर थाप मारत म्हणाले. "निळी ज्योत, काजळी न्हाय. पाच मिन्टांत च्या. कॉलेजच्या पोरी सगळ्या ह्योच नेत्यात. वातीचा म्हंजे म्हाताऱ्या मान्सांचं काम."

मला तोच हवा होता. वातीवर भांडी काळी होतात, वेळ लागतो, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या मुलींपुढे मला गावंढळ दिसायचं नव्हतं. दादांनी तो हातात घेतला. सवयीने पंपाचा दांडा ओढला, चावी फिरवली, टाकी कानाशी धरून हलवली. मग तो खाली ठेवून दिला.

"वातीचा घे, नलू," ते म्हणाले.

"का पण?"

"सांगतोय न्हवं."

"कारण सांगा की, दादा. लई वेळ लागतो त्यावर. मी कॉलेजला कवा जायचं आन रांधायचं कवा?"

दादांनी वातीचाच स्टोव्ह माझ्यापुढे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. अण्णा एकदा दादांकडे, एकदा माझ्याकडे बघताहेत. शेवटी दादा ताडकन उठले. "चल परत नातेपुत्याला. न्हाय शिकायचं काय. घरी ऱ्हा आईजवळ."

इतक्या हट्टाने मिळवलेलं शिक्षण एका स्टोव्हपायी बुडतं की काय! मी भर दुकानात ओरडले, "अख्ख्या गावाचे ष्टो तुमी नीट करता, आन मला एक घेऊन द्यायला जीव जातोय व्हय तुमचा!"

असं दादांना मी कधीच बोलले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. ते पुन्हा बाकावर बसले, वातीचा स्टोव्ह बाजूला सारला आणि अगदी हळू म्हणाले, "दे बाबा ह्योच. बांध." मी जिंकले होते, आणि मला जराही बरं वाटत नव्हतं.

अण्णांनी मधे दोन-तीन गिऱ्हाइकं उरकली, आमचा हिशेब केला. ते पंपाच्या स्टोव्हला सुतळी बांधत होते तेवढ्यात चाचा भांडी घेऊन आत आले. पातेली, ताट, तांब्या... आणि चौथा, वातीचा स्टोव्ह.

"अरे चाचा, ह्यो कुणी दिला तुमच्याकडं?" अण्णा खेकसले. "त्यांनी पंपाचा घेतलाय की!"

"बर्तनांमेच था जी," चाचा म्हणाले. "चार नग थे, चारों पो नाम ठोक्या."

कपाळाला हात लावून अण्णांनी स्टोव्ह उचलला. नाव घातलेली वस्तू दुकानात परत ठेवायची नाही, हा बाजाराचा रिवाज. लग्नातला आहेर असो की घरचा डबा, एकदा नाव पडलं की तो त्या माणसाचा झाला. अण्णांनी टाकी उजेडात धरून वाचली आणि म्हणाले, "आन ह्ये खाली काय वाढवलंय?"

पहिली ओळ बरोबर होती. 'कु. नलिनी ज्ञानोबा, नातेपुते'. दादांचंच वळण, हुबेहूब. त्याखाली दुसरी एक ओळ होती.

'आत्याकडून'.

मी चिठ्ठी मागून घेतली. चिठ्ठीवर एकच ओळ. मागची बाजू कोरी. बाकीच्या तिन्ही भांड्यांवरही एकच ओळ. अण्णांनी चाचांना फैलावर घेतलं तेव्हा म्हातारा रडकुंडीला आला. "मेरेकू पढ़ना कहाँ आता जी? कागद पो जैसा दिसा वैसाच निकाल्या. दो लकीरां थे." कागदावर दोन ओळी होत्या म्हणे. त्यांना अक्षरओळख नव्हती. समोर जे दिसेल त्याचं चित्र काढावं तसं ते कोरायचे, म्हणून तर दादांचं वळण इतकं जसंच्या तसं आलं होतं.

आणि खालच्या ओळीचं वळण दादांचं नव्हतं. अक्षरं मोठी, गोल, थोडी डुगडुगती. शब्दावर एक सलग रेघ असते ना, ती नव्हती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापली वेगळी आखूड रेघ.

दादांनी टाकीवरून बोट फिरवलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. घडीवर विरलेलं, पिवळं पडलेलं. माझ्या हातात दिलं. मजकूर तीन-चार ओळींचा होता: 'दादास शेवंताचा नमस्कार. मी खुशाल आहे. स्टोव्ह चांगला चालतो. चहा लगेच होतो. काळजी करू नये.' मोठी, गोल अक्षरं. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ.

शेवंता आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. माझी एकुलती एक आत्या. मी लहान असतानाच ती सासरी तापाने गेली, एवढंच मला सांगितलं होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"ताप न्हवता आला तिला," दादा म्हणाले. अण्णा हातातली सुतळी तशीच धरून उभे. "ष्टोचा भडका उडाला म्हणाले सासरचे. खरं-खोटं तिला ठावं. पर रुखवतात ष्टो मी दिलता, नलू. पंपाचा. हितनंच, सोलापुरातनं नेलता. हवा कशी भरायची, पिन कशी घालायची, म्याच शिकवलं. शाळेत कुणी धाडलं न्हाय तिला, तर पाटीवर अक्षरं बी म्याच गिरवून घेतली. येकेक अक्षर सुटं. म्हणून ती रेघ बी सुटी सुटी मारायची."

ते रडत होते. माझे दादा, ज्यांना मी आजोबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. आणि मला एकदम कळलं, गावातल्या बायका दुरुस्तीला स्टोव्ह आणायच्या तेव्हा हा माणूस नको म्हटलं तरी सगळं खोलून, वायसरं बदलून, स्वतः पेटवून बघितल्याशिवाय का परत देत नसे. मला स्वतःचीच लाज वाटली. अजून वाटते.

अण्णांनी पंपाच्या स्टोव्हची सुतळी सोडली आणि तो फळीवर ठेवून दिला.

पाचच्या आत आम्ही वसतिगृहावर पोचलो, किल्ली मिळाली. दादांनी वाती कातरून सारख्या केल्या, रॉकेल भरलं, स्वतः पेटवला. नव्या स्टोव्हवर पहिल्यांदा दूध उतू जाऊ देतात, तसं ठेवलं. वातीवर दूध वर यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं पातेलीकडे बघत बसून होतो. दूध कडेवरून ओघळलं तेव्हा दादा म्हणाले, "मला वाटायचं, जाताना तिनं मला शिव्या दिल्या आस्तील. तिनं न्हाय मला बोल लावला, नलू."

आता शंकेखोर लोकांसाठी. मला सगळ्यात पहिला संशय दादांचाच आला. वातीचा स्टोव्ह घ्यायला लावायचा म्हणून त्यांनीच तर नाही ना? पण भांडी दिल्यापासून ते माझ्या शेजारून हलले नव्हते. मी त्यांना पुढे एकदा सरळ विचारलंही. ते म्हणाले, "आगं, म्या तर हरलो हुतो. पंपाचा बांध म्हणलं न्हवं का?" ते खरंच होतं.

पुढच्या शनिवारी मी चाचांकडे गेले. कागदावर न बघता नुसतं 'आ' काढून दाखवा म्हटलं. ते हसले, त्यांना येईना. स्टोव्ह भांड्यांत कुणी ठेवला? दुकानात वर्दळ होती, कुणीही चुकून सरकवला असेल, हे मी मानते. दुसरी ओळ कुठून आली? इथे माझी गाडी अडते ती आजतागायत. मुलांना मी सांगायची, आधी निरीक्षण लिहा, मग अनुमान. निरीक्षण वर लिहिलं आहे. अनुमानाची जागा कोरी आहे. स्टोव्ह माझ्या माळ्यावर आहे, दोन्ही ओळी स्पष्ट वाचता येतात.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात शेवंता आत्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. ती किती हसायची, तिला चिंचा किती आवडायच्या, भांडण झालं की कशी रुसून बसायची... आई-दादा जेवताना तिच्याबद्दल बोलायचे. ती गेल्यावर इतक्या वर्षांनी ती आम्हाला मिळाली.

भाचीला अखेर केटल घेतली. केटलीवर नाव कुठे घालता येतं? म्हणून सोबत स्टीलचा एक डबा घेतला. दुकानात आता विजेवर चालणारं पेनासारखं यंत्र असतं, घर्रर्र की झालं. मी चिठ्ठी लिहून दिली, दोन ओळींची. ती बघून तो माणूस म्हणाला, "बाई, वरची रेघ सलग मारू का? अशी सुटी सुटी तुटक दिसंल की."

म्हटलं, "दिसू दे."