मागे हसतो तो कोण

आमचं लग्न कॅनडात झालं, दोन मित्रांच्या साक्षीने. अबुधाबीत मात्र आम्ही सगळ्यांसाठी रूममेट होतो. तो खलिफा सिटीतले जुने व्हिला दुरुस्त करून नवे करायचा, आणि मी त्या कामांचे व्हिडिओ काढून आमच्या चॅनलवर टाकायचो. टाइल्स बसवता बसवता तो बोलायचा. मी कधीच दिसायचो नाही.

त्याची आई साताऱ्यात बसून प्रत्येक व्हिडिओ बघायची. एकदा तिने फोनवर विचारलं, "तो मागे हसतो तो कोण रे?"

"कॅमेरावाला आहे, आई," तो म्हणाला. मी शेजारीच कांदा चिरत होतो.

"गोड हसतो. जेवायला घालत जा त्याला."

फोन ठेवल्यावर त्याला माझ्याकडे बघवेना. "दिवाळीला घरी गेलो की सांगतो तिला," तो म्हणाला. मीही आग्रह धरला नाही.

दिवाळीच्या आधीच ती गेली. तो एकटाच निघाला. पाहुण्यांनी भरलेल्या घरात मला कुठल्या नात्याने नेणार? मी इथे राहून एका व्हिलात त्याने अर्धवट सोडलेलं किचनचं काम कामगारांकडून पुरं करून घेतलं.

तेरावं करून तो परत आला, तेव्हा मी विमानतळावर घ्यायला गेलो. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मामा सगळ्यांना सांगत होता, पोराचं लग्न बघायचं तेवढं राहिलं बिचारीचं."

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं बराच वेळ रडत बसलो.