‘नातवंडं’ नावाचं फोल्डर

मिहिर, तन्वी,

फोनवर तुम्ही दर वेळी भुताची गोष्ट मागता आणि मी दर वेळी म्हणते, "आजीकडे तसलं काही नाही." खरंच नाही. मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी ते बाजूला सारून पुढे जाणारी बाई. आजही माझं मत बदललेलं नाही... पण गेल्या मे महिन्यात, भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडली आणि ती मला कुठेच बसवता येत नाही. आई-बाबांनाही वाचू द्या. त्यांना तर सांगायलाच हवं.

भिवंडीतलं आपलं घर तुम्हाला आठवत असेल — मागची खोली, तिची खिडकी आणि खिडकीखाली पॉवरलूमचा गाळा. त्या खडखडाटात तुमच्या बाबाने दहावीचा अभ्यास केला. फक्त शुक्रवारी लूम बंद असतात. खिडकीजवळ माझं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि एक काळी हार्ड डिस्क.

त्या डिस्कवर दोन मोलाची फोल्डर होती. एक ‘नातवंडं’ — तुमच्या जन्मापासून तुम्ही कॅनडाला जाईपर्यंतचे सगळे फोटो. बाबाने विचारलं होतं, "आई, तुझ्याकडे नीट आहेत ना? मग मी माझ्याकडचे काढून टाकतो." मी म्हटलं, "काढ." एकच वस्तू दोन ठिकाणी असली की मला तो पसारा वाटतो.

दुसरं ‘धवले’. आजोबांची थोरली बहीण, अंजूरची जनाताई — तुमची आत्याआजी — धवलारीण आहे. आपल्याकडे लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. ती गाणी म्हणजे धवले. ते कुठे लिहिलेले नाहीत, सगळे तिच्या तोंडी. अलीकडे गाता गाता जनाताई मध्येच थांबू लागल्या. पुढचं आठवेना. म्हणून वर्षभर त्या शुक्रवारी रिक्षा करून यायच्या आणि लूम बंद असताना मी रेकॉर्डिंग करायचे. गाऊन झालं की माझे लेबलं लावलेले डबे बघून हसायच्या. "हिच्या घरात मीठ बी वाचून घ्यावं लागतं. माज्यासारखी न शिकलेली उपाशी मरल गो!"

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी त्या सोलायला वाल घेऊन टेबलाशेजारी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "शोभे, तुज्या डबीत पाल चुकचुकतं का काय?"

मी कान दिला. डिस्क टक-टक करत होती. कधीपासून, देव जाणे! एरवी लूमच्या आवाजात ऐकूच आलं नसतं.

तशीच बंद करून नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेली. त्याने कानाला लावली आणि मान हलवली. "चाची, ये अब मेहमान है. एक बार चल गई तो नसीब. जो सबसे ज़रूरी है, वो पहले निकालो." त्याच्याकडून नवी कोरी डिस्क घेऊन मी घरी आले.

जनाताईंना समजावून सांगितलं. त्यांचा हात वालावर थांबला.

"मंग माजी गानी पयली काढ. पोरांचे फोटू काय, पोरं हायत ना जिती. माजं आथा डोक्यात काय ऱ्हायलं न्हाय."

"हो, तुमचीच आधी," मी म्हटलं.

आणि ‘नातवंडं’ निवडलं.

लपून नाही, त्यांच्या समोर. स्क्रीन त्यांच्याकडेच होती. त्यांना वाचता येत नाही, हे मला माहीत होतं, म्हणूनच मला लपवावं लागलं नाही. फायलींची नावं एकेक करून सरकत होती — मीच दिलेली, मिहिरचं बारसं, तन्वीचा पहिला दात, वज्रेश्वरीची सहल. मी प्रत्येक नाव वाचलं. जनाताई पदर सावरून त्या नावांकडे एकटक बघत होत्या. "कनचं चाललंय आथा?" त्यांनी विचारलं.

"हळदीचं," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीनला हात जोडले.

शेवटचं नाव गेलं, आणि मी ‘धवले’वर जाणार तोच आतून कर्र असा आवाज आला आणि डिस्क थांबली. पुन्हा लावली, फिरली नाही. तेव्हा मनात पहिलं काय आलं ते सांगते — बरं झालं, फोटो तरी आले.

मी नवी डिस्क उघडली. फोल्डरचं नाव ‘नातवंडं’. आत एकही फोटो नाही. आत जनाताईंचा आवाज होता. सगळे धवले, ओळीने, शेवटपर्यंत.

चुकून दुसरं फोल्डर निवडलं म्हणावं, तर नाव ‘नातवंडं’ कसं? आणि सरकताना वाचलेली नावं? कॉम्प्युटरवाला म्हणाला, "आपने ही नाम बदला होगा, चाची." मी काहीच बदललं नव्हतं. जुनी डिस्क मुंबईच्या लॅबलाही पाठवली. आतली चकती खरवडली गेली आहे, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. तुमच्या लहानपणातलं आता माझ्याकडे भिंतीवरच्या दोन फ्रेमांइतकंच आहे. सूनबाई, तू तीनदा फोटो मागितलेस आणि मी तीनदा "पाठवते" म्हटलं. ते पाठवायला नाहीतच, ग.

जनाताईंनी पहिला धवला ऐकला आणि पुढची ओळ स्वतः म्हटली. मग त्याच्या पुढची. आता रोज फोनवर लावून त्यांची उजळणी चालते. परवा अंजूरला एका लग्नात त्यांनी एकही जागा न चुकता सगळं गायलं. नंतर मला हाताला धरून मांडवात पुढे नेलं, माझ्या कपाळाला हळद लावली आणि सगळ्या बायकांना सांगितलं, "ही आमची मास्तरीन. सोताच्या नातवांचे फोटू जाऊ दिले, पन माजी गानी राखली. सख्खी भयीन करनार न्हाय असं!" बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी पाय मागे घेतले. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

घरी येताना रिक्षात मी सुरुवात केली, "जनाताई, त्या दिवशी मी..." त्यांनी माझा हात दाबला. "गप गो. किती वेला आभार मानू?"

हे कसं घडलं, ते मला माहीत नाही. कोणाला उत्तर सापडलं तर मी ऐकीन. बहुतेक मला पटणार नाही. पण माझी झोप उडते ती त्या कोड्याने नाही. मी स्वतःला पुनःपुन्हा विचारून पाहिलं, आणि तुमच्याशी खोटं बोलणार नाही — तो शुक्रवार पुन्हा आला, जनाताई तशाच शेजारी बसल्या, तरी मी पुन्हा तुमचंच फोल्डर आधी निवडीन.

म्हणून रिक्षात मी पुढचं बोलले नाही. माफी कशाची मागणार होते?

— आजी