आईच्या बक्षीसपत्राचा समास

इमेल्दा सिरवाशी गप्पा मारायला बसलं की आपल्या पणजोबांनी लग्नात किती गाद्या आणल्या आणि सासऱ्याशी त्यांचं कशावरून बिनसलं, हे कळूनच माणूस उठायचा. पोस्टातली नोकरी संपली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. शहर सोडून ती कामूरास्काला, आमच्या गावी, परत आली आणि नोटऱ्यांच्या जुन्या दस्तांत जी शिरली ती बाहेर आलीच नाही. आमच्याकडे माणूस जन्मला कधी नि मेला कधी ते चर्चच्या वहीत सापडतं, पण मधे तो कसा जगला ते नोटरीच्या कपाटात.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये ती हौशी मंडळींना हे शोधकाम शिकवायची. कोणी घरातला पिवळा कागद मिरवत आला की त्याची खैर नसे.

"अहो, ही नक्कल! सही झाली त्या दिवशी घरी दिलेली. पुढं काय झालं ते हिला कुठून कळणार? मूळ दस्त नोटरीकडे राहतो. नंतर काही बदललं, मोडलं, तर त्या मुळाच्या समासात नोंद होते. समास बघितल्याशिवाय पूर्वजांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

अशी ही शहाणी बाई स्वतःच्या सख्ख्या भावाशी मात्र पस्तीस वर्षं बोलत नव्हती. तेही एका दस्तावरूनच.

आमच्या भागात म्हातारे आईबाप हयातीतच घर आणि शेत एका मुलाच्या नावे करतात, आणि बदल्यात त्यानं आपलं काय काय करायचं ते बक्षीसपत्रात बारीकसारीक लिहून घेतात. इमेल्दाच्या विधवा आईनं, मार्गारीतनं, १९७१ साली धाकट्या रोझेरला सगळं दिलं. बदल्यात तिला दक्षिणेची उबदार खोली, खिडकीशी डुलती खुर्ची, रोज ताजं दूध, रविवारी चर्चला गाडीनं नेणं-आणणं, आणि "शेवटच्या श्वासापर्यंत याच घरात". तीन वर्षांनी इमेल्दा ईस्टरला माहेरी आली तर त्या खोलीत रोझेरच्या बाळाचा पाळणा, आणि आई नन्सच्या आश्रमात.

"आईला तिकडे कोणी पाठवलं?"

रोझेर एरवी इतका बडबड्या, पण तेव्हा नुसता बुटांकडे बघत राहिला.

"सांग की! बायकोला नको झाली का म्हातारी? घर घेतलंस आणि आईला बाहेर काढलंस. लाज नाही वाटत?"

"आजपासून मला भाऊ नाही," म्हणून ती निघून गेली. आईला विचारावं, तर ती म्हणायची, "इथं वाटाण्याचं सूप छान असतं." पुढं पुढं तर तिला लेकही ओळखू येईना. आई गेली तेव्हा बिस्किटांच्या डब्यातली बक्षीसपत्राची नक्कल तेवढी इमेल्दानं उचलली. ती तिला तोंडपाठ होती. गावच्या दुकानात रोझेर दिसला की ही पाव न घेताच परत फिरायची.

गेल्या नोव्हेंबरात, एका सोमवारी, रोझेरच्या मुलीचा फोन आला. गिलेन, तीच पाळण्यातली पोर.

"आत्या, बाबांचं आता काही खरं नाही. तुझी फार आठवण काढतात. आज येशील?"

"येते," इमेल्दा म्हणाली, "पण आधी एक काम आहे."

काम काय, तर मूळ दस्ताची शिक्क्याची प्रत. भावासमोर बसून, कलम न् कलम वाचून, तिला जाब विचारायचा होता. त्यासाठी घरातली नक्कल चालणार नव्हती. मरणाऱ्या माणसाकडे शिक्क्याचा कागद घेऊन जाणारी बाई आमच्या गावात ही एकच. जुन्या नोटरीचे दस्त आता शहरात मादाम प्लुर्द या नोटरीबाईंकडे होते, आणि ते तळघरातून वर यायला बुधवार उजाडला.

मादाम प्लुर्दनं फाइल उघडली. पहिल्याच पानाच्या समासात बारीक, तिरकी ओळ होती: "११ फेब्रुवारी १९७४चा दस्त पाहावा."

इमेल्दानं तोही काढायला लावला. दुसरा दस्त पानभरच होता.

"मी, मार्गारीत सिरवा, आज शुद्धीत आहे, उद्याचं सांगता येत नाही. जानेवारीत मी चार महिन्यांच्या नातीला घेऊन खोपटात लाकडं आणायला गेले आणि लाकडं घेऊन परत आले. पोर तिथंच विसरले. रोझेरला ती सापडली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मला घरात ठेवण्याच्या बंधनातून मी त्याला मोकळं करते. तो नको म्हणतो, पण मी ऐकणार नाही. इमेल्दाला यातलं काही कळू नये, ती संसार टाकून येईल. नातीलाही कधी कळू नये. तशी शपथ मी रोझेरकडून घेतली आहे."

खाली आईची सही, आणि शेजारी रोझेरची, शाई फुटलेली.

"पाणी देऊ का?" मादाम प्लुर्दनं विचारलं.

"सगळ्या गावाला शिकवते हो मी," इमेल्दा म्हणाली. "समास बघा, समास बघा." आणि ती लहान मुलीसारखी रडली.

ती थेट माहेरच्या घरी गेली. रोझेरला दक्षिणेच्या खोलीतच झोपवलं होतं. तिनं गिलेनला चहा करायला पाठवलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"रोझेर, मी आईचा दुसरा दस्त वाचला."

त्यानं डोळे उघडले. चेहऱ्यावर भीती होती.

"मी नाही हं सांगितलं, इमेल्दा."

"नाही रे राजा. तू नाही सांगितलंस."

"गिलेनला..."

"नाही कळणार. मी आहे ना."

त्याची मान उशीवर सैल पडली. "मला माफ कर," ती म्हणाली, पण त्याचा डोळा लागला होता. तिनं ते आणखी दोनदा म्हटलं. पहाटे तो गेला. सोमवारी तो अजून उशीला टेकून बसत होता, बोलत होता, हे तिला नंतर कळलं.

दफन झाल्यावर स्वयंपाकघरात बशा पुसताना गिलेननं विचारलं, "आत्या, तुमचं भांडण कशावरून झालं होतं गं? बाबा शेवटपर्यंत बोलले नाहीत."

शिक्क्याचा कागद इमेल्दाच्या पिशवीत होता. पिशवी तिच्या मांडीवर होती.

"आता नाही आठवत."

"नाही आठवत?" गिलेननं बशी आपटली. "दर नाताळला बाबा तुझं ताट मांडायचे. दर नाताळला! आणि तुला आठवतसुद्धा नाही? लाज नाही वाटत?"

इमेल्दा बुटांकडे बघत राहिली.