तीन मिनिटांचं गरम पाणी

मला किळस फार चटकन येते. उष्ट्या कपाची, ओल्या पायपुसण्याची, बसच्या खिडकीखाली वाळलेल्या पिंकांची. लहानपणी घरचे म्हणायचे, हिला राजाच्या घरीच द्यायला पाहिजे. मी मात्र त्याला स्वच्छता म्हणायचे आणि तो गुण म्हणून मिरवायचे.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि मी त्यांना शहाद्याला माझ्या भाड्याच्या घरी आणलं. ते बसवर कंडक्टर होते. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीच्या जादा गाडीवरून पहाटे धुळीने माखून यायचे, तेव्हा आधी आंघोळ आणि मग चहा. असा माणूस आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचा आणि मी त्याच्या अंगावर तांब्याने पाणी घालायचे. डाव्या हाताने त्यांना बादलीतला तांब्या उचलता येत नव्हता. लोंबणारी कातडी, तोंडाच्या कोपऱ्यातून सुटणारी लाळ, भिजून अंगाला चिकटलेला पंचा. जन्मदात्या बापाचीही मला किळस यायची. लिहू नये असं वाटतं, पण आता लपवून काय करायचं आहे?

चार महिन्यांनी मी भिंतीवरचा छोटा गिझर आणला. बटण दाबलं की पाणी लगेच तापतं आणि शॉवरमधून पडतं, तसला. खाली घरमालकीण काकी राहतात. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन व्यापारी कुटुंब, आता अहिराणी आमच्यापेक्षा अस्सल बोलणारं. त्यांनी भिंतीला भोकं पाडायची परवानगी दिली, पण दोनदा विचारलं, "पानी एकदम उकळस का वं त्यामा?" मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

पहिल्या दिवशी आप्पा एकटे आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले ते केसांचा भांग पाडून. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला. मीही सुटकेचा श्वास टाकला. त्या सुटकेत त्यांचं सुख किती आणि माझं किती, याचा हिशेब मी मांडला नाही.

तीन आठवडे बरे गेले आणि ऐन थंडीत मशीनने दगा दिला. बरोबर तीन मिनिटं गरम पाणी, मग लाल दिवा विझायचा आणि बर्फासारखी धार. "मझार ये, माय," अशी आतून हाक यायची. साबणाने डोळे मिटलेले आप्पा थरथरत बसलेले असायचे आणि मला आत जावं लागायचं. पुन्हा बादली, पुन्हा तांब्या. दहा मिनिटांनी ते मशीन आपणहून सुरू व्हायचं, जसं काही झालंच नव्हतं.

वायरमन बोलावला. म्हसावदचा होता, तोंडात गुटख्याचा तोबरा. त्याने टेस्टर लावला आणि निकाल दिला, "व्होल्टेज नही शे, ताई. शेतीना पंप चालू व्हतस ना सकाये." असं म्हणून माझ्या घासून पांढऱ्या केलेल्या मोरीत पचकन थुंकला. तो गेल्यावर मी तिथे ॲसिड ओतलं. मग मी आप्पांची आंघोळ दुपारी ठेवली. दुपारीही तीनच मिनिटं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने बोर्ड बदलला, जाडी वायर टाकली, भिंतीवर काळ्या बोटांचे पाच ठसे उमटवले आणि गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मालच डुप्लिकेट शे." तिन्ही वेळा त्याने पाण्याच्या धारेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण पाणी प्लंबरचं आणि वीज त्याची. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

तोवर आप्पांनी आंघोळच सोडली. "आज राहू दे," म्हणायचे. उद्याही तेच. आठवडा झाला. खोलीत आंबूस वास भरला. मी उदबत्त्या लावल्या, चादरी बदलल्या, खिडकी उघडी ठेवून त्यांना आणखी गारठवलं. थंड पाण्याला घाबरले असतील, हट्टाला पेटले असतील, असं मला वाटे. मशीन दुरुस्त झालं नाही तर यांना रोज मीच धुणार, हा विचारच मला नको वाटायचा. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हाही इतकी हताश नव्हते.

शेवटी मशीनसोबत आलेला कागद चष्मा लावून वाचला. त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं: धार कमी असेल तर आतली तार फाजील तापते आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करून घेतं. मी शॉवरची चाळणी काढली. भोकांत पांढरा क्षार बसला होता, तो सुईने टोकरून काढला. फरक शून्य. मग चाळणीशिवाय नुसत्या नळीखाली बादली लावली आणि घड्याळ पाहिलं. अर्धी बादली भरायला आठ मिनिटं! स्वयंपाकघरातला नळ मात्र भसाभसा वाहत होता. दोन्हीकडे गच्चीवरच्या एकाच टाकीतून वेगवेगळे पाइप येतात. म्हणजे घोळ टाकीत होता, बाथरूमच्या पाइपाच्या तोंडाशी.

रविवारी गच्चीवर गेले आणि टाकीचं झाकण काढून खांद्यापर्यंत हात आत घातला. पाइपाच्या तोंडावर काहीतरी मऊ, गिळगिळीत लागलं. मेलेली पाल, असं वाटून मी किंचाळलेच. मग दात आवळून ओढलं. ते कापड होतं. दुहेरी घडीचं सुती कापड, दोऱ्याने बांधलेलं, शेवाळाने हिरवं, गाळाने जड. आणि त्यात बारीक लाल अळ्या वळवळत होत्या. मी गच्चीच्या कोपऱ्यात ओकले. त्याच पाण्याने मी दात घासत होते, त्याच पाण्याने आप्पांचं अंग धूत होते.

कापड काठीवर लटकवून मी तशीच खाली गेले. राग असा की पायऱ्या दिसत नव्हत्या. काकी ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"काकी, हे कोणी बांधलं?"

"मीच," त्या म्हणाल्या. लपवालपवी नाही की काही नाही. मशीन बसलं त्याच दिवशी गुडघे धरत त्या गच्चीवर चढल्या होत्या. माझ्या चुलीवर मी काय उकळते तो माझा विषय, पण हे मशीन त्यांच्या भिंतीला होतं. न गाळलेलं पाणी त्यात उकळलं तर त्यातले जीव त्यांच्या घरात मरणार. म्हणून गाळणं बांधलं. ते रोज सोडून धुवायचं, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पण दुसऱ्याच दिवशी गुडघा सुजला आणि मला सांगायचा त्यांना संकोच वाटला. "तू नाक मुरडस," त्या म्हणाल्या.

"अहो, बघा तरी काय झालंय! शी! किडे पडलेत! हात लावू नका, फेकून देते मी!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

काकींनी ते कापड काठीवरून उघड्या हाताने उचललं. "फेकू नको. त्यामा जीव शेतस." परातीत पाणी घेतलं, त्यात कापड उलटं करून हळूहळू झटकलं, बाळाचं दुपटं खंगाळावं तसं. एक अळी बोटाला चिकटली होती, तीही बोट पाण्यात बुडवून सोडली. मला पुन्हा ओकारी आली. मग ती परात घेऊन त्या लंगडत मागे गेल्या आणि सगळं बोअरच्या हौदात ओतलं. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत.

"काकी, याच हौदातून पंप वर पाणी चढवतो!"

"हा. म्हनून ते कपडा बांधना पडस," त्या शांतपणे म्हणाल्या.

यावर भांडायचं तरी कसं? शेवटी तडजोड झाली. गाळणं टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाला नाही, टाकीत पडणाऱ्या पाइपाला बांधायचं. म्हणजे गाळलेलंच पाणी साठेल आणि बाथरूमची धार मोकळी राहील. ते रोज सोडून परातीत खंगाळून आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. हौदात ओतायचं काकींनी स्वतःकडे ठेवलं. मी हो म्हटलं, कारण आप्पांनी एकट्याने आंघोळ करावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी सापही धुतला असता.

मी टाकी घासली, नवं पाणी चढवलं, मशीन लावलं आणि घड्याळ धरून उभी राहिले. तीन मिनिटं. पाच. बारा. लाल दिवा ढिम्म हलला नाही. धावतच आप्पांकडे गेले.

ते खिडकीशी बसले होते. खालचा सगळा आरडाओरडा त्यांनी ऐकला असणार.

"आप्पा, झालं! आता थंड पाणी नाही यायचं. चला."

"आते बंद पडाव नही ना ते?"

"नाही पडणार. बारा मिनिटं चालवून पाहिलं."

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा आधार घेतला आणि इतक्या दिवसांनी स्वतःहून उठले. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

"थंड पानी पडनं ते चाली जातं, माय," ते म्हणाले. "पन तू मझार येस ना, तव्हय तुन्हं तोंड माले देखावत नही. किती तरास व्हस तुले."

ते भिंत धरत बाथरूमच्या दारापर्यंत गेले. तिथे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने म्हणाले असते तर मी सोसलं असतं. पण ते हसत होते, माझी कसल्यातरी शिक्षेतून सुटका झाल्यासारखे.

"आते तुले मझार येनं पडाव नही," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.